गोलेमला संवाद द्यावेत का?

रेषाबाई :

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. स्नेहसंमेलनात चित्रकलेच्या बाईंनी पडदे रंगवायचे, मुलींच्या गालांना रंग लावायचा, इतकंच आजवर असायचं. यंदा सातवीचं अख्खं नाटक गळ्यात पडलंय. एकदा गड्ड्याची यात्रा लागली की पोरं वर्गात सापडत नाहीत, म्हणून त्याच्या आधी उरकायचं आहे.

विषय मुलांनी हात वर करून ठरवला : गोलेम. मी 'पाणी वाचवा' सुचवलं होतं. त्याला एकही हात वर आला नाही.

गोष्ट अशी जमवली आहे. जुनं प्राग शहर, तिथली ज्यूंची भिंतीआडची वस्ती. वस्तीवर खोटा आळ येतो. तिथले वृद्ध धर्मगुरू, रब्बी लोव, रात्री नदीकाठच्या चिखलातून एक धिप्पाड माणूस घडवतात आणि अक्षरांच्या बळावर त्याला उठवतात. तो वस्ती राखतो, पुढे हाताबाहेर जातो. यातलं निम्मं मी वाचलंय, निम्मं पोरांनी गेममधून आणलंय, आणि दोन्हीचा सांधा बसत नाही. माझा गोलेम मातीचा. त्यांचा लोखंडाचा, आणि डोक्याच्या जागी भोपळा! दोन पोरं तर म्हणाली की गोलेम म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला तो अंगठीच्या मागे लागलेला टकल्या. तो गॉलम, त्याचा याच्याशी संबंध नाही, हे पटवण्यात माझा एक तास गेला.

खरी अडचण वेगळीच आहे. गोलेम होणारा पोरगा वर्गात सगळ्यांत उंच. त्याच्या आईचा निरोप आला : "बाई, पोरगं मेन रोल करायलंय म्हणता आणि एक पण डायलॉग नाही? आम्ही सगळे पाहुणे घेऊन येणार. तेनं नुसतं खांबावाणी उभारायचं का?" पोरगा खूश आहे, पाठांतर वाचलं म्हणून. आईचं चुकतंय असंही मला म्हणवत नाही. घरात यंत्रमाग आहेत, दिवसभर त्या खडखडाटात दोघं नवरा-बायको एकमेकांशी खुणांनी बोलतात. एका संध्याकाळी माग बंद ठेवून पोराला ऐकायला येणार आणि पोरगा गप्प.

तर विचारते. मूळ कथेत गोलेम बोलतो का? आणि बोलला तर बिघडतं काय?

(पोशाख बारदानाचा करतेय. वरून खळ लावून कडक करायचा बेत आहे. एका पालकांनी कारखान्यातली खळ द्यायचं कबूल केलंय.)


भोपळाफोड्या :

मॅडम, गेमपुरतं मी सांगतो. भोपळ्याचा आहे तो माइनक्राफ्टमधला. लोखंडाचे ४ ठोकळे इंग्रजी टी अक्षरासारखे रचायचे, वर कोरलेला भोपळा. भोपळा सगळ्यात शेवटी. तो बसला की गोलेम चालायला लागतो. गावकऱ्यांवर कुणी हात टाकला की त्याला हवेत उडवतो. पण तुम्ही स्वतः बांधलेला असेल तर तुमच्यावर कधीच उलटत नाही. म्हणजे तुमच्या गोष्टीतला 'हाताबाहेर जातो' हा भाग तिथे नाहीच. बोलत नाही. अधूनमधून गावातल्या बारक्या पोरांसमोर लाल फूल धरून उभा राहतो, बास.

एक गोष्ट तुमच्या पोरांनी तुम्हाला सांगितली नसणार. आम्ही सगळे त्याला मारायचा कारखाना लावतो. मेला की त्याच्यातून ३ ते ५ लोखंडी कांड्या पडतात. गावकऱ्यांना कोंडून सतत घाबरवत ठेवायचं. ते घाबरले की राखणीला नवा गोलेम आपोआप येतो आणि खाली लाव्हात पडतो. आपण झोपलो तरी कांड्या जमत राहतात.

पोकेमॉनमध्ये गोलर्क आहे, तो मातीच्या पुतळ्यासारखा. त्याच्या छातीवर शिक्का असतो, तो काढला तर त्याची ताकद आवरत नाही. क्लॅश ऑफ क्लॅन्समधला फुटला की त्याचे २ छोटे होतात. हे दोघंही गप्पच.


रेषाबाई :

कारखान्याचं ऐकून बसलेच. उद्या वर्गात विचारते, कोणाकोणाचा आहे ते.


तिसरी घंटा :

बाई, एकही वाक्य देऊ नका. मी हौशी रंगभूमीवर वीसेक वर्षं काढली आहेत, बहुतेक विंगेत. तरी हे खात्रीने सांगतो.

गोलेमचं मुकेपण ही दिग्दर्शकाची हौस नाही, ते त्याच्या जन्मापासूनचं आहे. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात एक इवलीशी हकीकत आहे. रावा नावाच्या विद्वानाने माणूस घडवला आणि रब्बी झेराकडे पाठवून दिला. झेरा त्याच्याशी बोलायला गेले. उत्तर येईना. तेवढ्यावर त्यांनी ओळखलं आणि सांगितलं, जा, आपल्या मातीत परत जा. संपली गोष्ट. राखण नाही, मारामारी नाही, प्राग तर नाहीच. माणूस आणि घडवलेला यांत फरक कशावरून कळला? बोलता आलं नाही यावरून.

पुढे पोलंडमधल्या हेल्म गावच्या रब्बी एलियाहूंची कथा आली. त्यांचा गोलेम वाढतच गेला. कपाळावर 'एमेत' म्हणजे सत्य हा शब्द होता. त्यातलं पहिलं अक्षर पुसलं की 'मेत' उरतं, म्हणजे मेलेला. एका रूपात ते अक्षर पुसताच मातीचा ढीग घडवणाऱ्याच्याच अंगावर कोसळतो आणि तोही जातो. जाकोब ग्रिमने १८०८ साली ही गोष्ट जर्मनमध्ये छापली आणि तिथून ती युरोपभर गेली.

प्रागचे रब्बी लोव ही खरी व्यक्ती, १६०९ साली वारले. पण त्यांच्या हयातीतल्या कुठल्या लिखाणात गोलेमचा पत्ता नाही. ती कथा त्यांना चिकटली एकोणिसाव्या शतकात. आणि तुम्ही जमवलेली गोष्ट, खोटा आळ, नदीकाठची माती, वस्तीची राखण, ही बरीचशी युदल रोझेनबर्ग नावाच्या रब्बींच्या १९०९ सालच्या पुस्तकातली. जुनं हस्तलिखित सापडल्याचं त्यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात रचना त्यांचीच. म्हणजे जिला आपण जुनीपुराणी दंतकथा म्हणतो ती सिनेमाच्या वयाची आहे. त्यामुळे सातवीच्या पोरांनी भोपळा बसवला म्हणून फार मनाला लावून घेऊ नका.

सिनेमा म्हणजे पॉल वेगेनरचा १९२० सालचा जर्मन मूकपट. त्याने गोलेमवर तीन केले, तिन्हींत गोलेम स्वतःच झाला. हा तिसरा आज बघायला मिळतो. पुण्यात असताना फिल्म सोसायटीत पाहिला. मूकपटात तसे सगळेच मुके, तरी हा वेगळा मुका. बाकीचे ओठ हलवतात, हातवारे करतात, डोळे फाडतात. हा नुसती मान वळवतो, तीही सावकाश. शेवटी वस्तीचं दार फोडून बाहेर येतो. बाहेर पोरं खेळताहेत. सगळी पळतात, एक चिमुरडी राहते. तो तिला उचलून घेतो आणि ती सहज त्याच्या छातीवरचा, त्याला जिवंत ठेवणारा तारा काढते. खेळ खलास. इतक्या पंडितांना जे जमलं नाही ते. तुमच्या नाटकाचा शेवट शोधत असाल तर हा उचला, वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी उभी करा.

आता विनोद. रोझेनबर्गच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. रब्बींच्या बायको सणाच्या गडबडीत गोलेमला सांगतात, पाणी भर. थांब कधी, हे सांगायचं राहतं. तो भरत सुटतो, घरात पूर. तुम्हाला 'पाणी वाचवा' हवं होतं ना? हा प्रवेश सोलापुरात लावा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या आड येतं. पिंप, हंडे, कळशा, बादल्या भरून झाल्यावर सगळी गल्ली आपापली भांडी घेऊन गोलेमच्या मागे पळेल, त्याला थांबवायला कुणी तयार होणार नाही. रब्बी एकटे ओरडताहेत, "थांबवा त्याला!" प्रेक्षक खुर्च्यांवरून पडतील. आणि या सगळ्यात तो पोरगा एक शब्द बोलत नाही. बोलला तर विनोद गेला.

आईंचं काय करायचं ते मला सुचत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात मी एकदा दोन अंक पहारेकरी म्हणून उभा होतो. आमची आई अजून विचारते, "त्या नाटकात तू होतास होय?"


सुताचा_गुंता :

तिसरी घंटा, अर्धं पटलं. गोलेमला मुकं ठेवणं हा नियमच, असं जे मांडलंय ते नाही पटलं.

लायविक या कवीचं गोलेमवरचं नाट्यकाव्य १९२१ सालचं, यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं. त्यात गोलेम बोलतो, आणि जन्माच्या आधीच बोलतो : मला घडवू नका म्हणून रब्बीला विनवतो. १९२५ साली हबीमा या नाटकमंडळीने ते मॉस्कोत हिब्रूतून उभं केलं. म्हणजे रंगभूमीची परंपराच काढायची तर बोलणाऱ्या गोलेमलाही तेवढाच हक्क आहे. टेरी प्रॅचेटच्या 'फीट ऑफ क्ले' या इंग्रजी कादंबरीत (१९९६) गोलेम आधी पाटीवर लिहून बोलतात. मग एकाला विकत घेऊन त्याच्या खरेदीची पावती त्याच्याच डोक्यात ठेवतात. स्वतःचा मालक स्वतः! त्याला पुढे जीभही मिळते. आणि सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेच्या २००६ सालच्या भुताटकी भागात पोरगी गोलेमच्या तोंडात 'बोल' अशी चिठ्ठी घालते, तर तो आजवर करायला लावलेल्या कामांबद्दल माफी मागत सुटतो. हसू येतं, पण नीट बघा, त्याला इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच. सांगेल ते काम करणारा, न थकणारा, पगार न मागणारा आणि तोंड न उघडणारा गडी कुणाला हवा असतो? माझे आजोबा गिरणीत होते, मला तरी वेगळं शिकवायला नको. त्याच प्राग शहरातल्या कारेल चापेकने १९२० साली नाटकात रोबो आणले. ते बोलतात आणि बोलतात म्हणूनच बंड करतात. तुमच्या उंच पोराला शेवटी एक वाक्य द्या. एकच. "आता मी काय करू?" एवढं जरी म्हणाला तरी सभागृह गार पडेल.


तिसरी घंटा :

एक वाक्य म्हणजे सगळ्यात घातक. दोन तास वाट बघून आलेलं वाक्य मोठ्या नटालाही झेपत नाही, इथे बारा वर्षांचं पोर आहे. शिवाय लायविकचा गोलेम दुःखी आहे, त्याला मन आहे. तेही मोठं काम, नाही म्हणत नाही, पण ते वेगळं नाटक. तिथे माणसासारखा कुणी आपल्याला दिसतो आणि आपण कळवळतो. मुक्या गोलेमसमोर त्याच्या आत कुणी आहे की नाही तेच कळत नाही. भीती तिथली आहे.


पारायणवाले :

विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या नवनाथ भक्तिसारात हीच गोष्ट आहे की. पोरं चिखलाची गाडी करून खेळतात, गोरक्षाला म्हणतात, आम्हाला गाडीवान करून दे. तो हाताने चिखलाचा पुतळा करतो आणि तोंडाने संजीवनी मंत्राचा पाठ चालू असतो. पुतळा उठतो, पोरं भूत भूत म्हणून ओरडत पळतात. तेच गहिनीनाथ, पुढे निवृत्तिनाथांचे गुरू. शालिवाहनाने मातीचं सैन्य जिवंत केलं तेही आहेच. मग ज्यूंकडे कशाला जायचं? भस्मासुर घ्या, तो पण हाताबाहेर गेलेलाच.


रेषाबाई :

पारायणवाले काका, गहिनीनाथांचं वर्गात सांगणार, पोरांना 'भूत भूत' करत पळायला फार आवडेल. पण सरळ अदलाबदल नको वाटते. गहिनीनाथांमध्ये नारायणाचा अंश आला, त्यांना कुणी आईबापाच्या मायेने वाढवलं, ते गुरू झाले. तो पुतळा राहिलाच नाही. गोलेमच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. आणि भस्मासुराला स्वतःची हाव आहे; गोलेमला हाव सुद्धा नाही. पाणी भर म्हटलं, भरतोय.


मलिदा_आणि_पोहे :

उशिरा लिहितेय. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ज्यू, मूळ अलिबागकडचे, तेल गाळणारे 'शनवार तेली', आता ठाण्यात. आधी एक सांगते : गोलेम आमच्या घरातली गोष्ट नाही. ती युरोपातल्या ज्यूंची. आमच्याकडे एलियाहू हन्नाबी हा प्रेषित आणि त्याच्या नावाचा मलिदा. आजीला गोलेम विचारला असता तर तिने मलाच विचारलं असतं, कुठल्या सिनेमात आहे म्हणून. मलाही तो कॉमिक्समधूनच भेटला. तरी वाचून बरं वाटलं की सोलापुरात कुणी हे मनावर घेतंय, म्हणून चार गोष्टी.

रब्बीला आणि वस्तीतल्या लोकांना खोटं वाकडं नाक लावू नका. शाळेच्या नाटकात नाक आणि काळा झगा केला की ज्यू झाला, असं सहज होतं. ज्या वेगेनरच्या सिनेमाचं इथे कौतुक झालं, त्यातही ज्यूंची वस्ती म्हणजे जादूटोण्याचा अड्डाच दाखवलाय. हाच वेगेनर पुढे नाझी काळातल्या प्रचारपटांत कामं करत होता. सिनेमा थोर असेल, पण तिथून सगळंच उचलू नका.

आळ कसला होता ते गाळू नका. नुसतं 'खोटा आळ' म्हटलं तर पोरांना वाटेल कोंबडी चोरली. ज्यू ख्रिस्ती पोरांना मारून त्यांचं रक्त सणाच्या भाकरीत घालतात, असा तो आळ होता, आणि त्यापायी शतकानुशतकं खऱ्या वस्त्या जाळल्या, खरी माणसं मारली. सातवीला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण गेममधल्या गोलेमला राखायला एक गाव आहे, कुणापासून राखायचं तर झोंबी. इथे झोंबी नव्हते. शेजारी होते.

आणि कागदावर देवाचं नाव लिहून गोलेमच्या तोंडात घालायचा प्रसंग घेणार असाल तर कोरा कागद वापरा. आमच्यात देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, जुनी फाटकी पोथीसुद्धा जपून ठेवतात किंवा पुरतात. प्रागच्या ज्या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या) माळ्यावर गोलेम पडलाय म्हणतात, तिथे असली जुनी पुस्तकंच ठेवलेली असायची. एगॉन अर्विन किश नावाचा पत्रकार वर चढून बघून आला होता. गोलेम काही मिळाला नाही.

संवादाचं म्हणाल तर मी तिसरी घंटाच्या बाजूची. मात्र त्या आईंच्या जागी मी असते तर मीही भांडले असते.


रेषाबाई :

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगते.

गोलेम बोलणार नाही. पाण्याचा प्रवेश घेतलाय. शाळेतले सगळे डबे, बादल्या, दोन पिंपं जमा झालीत. पाणी अर्थातच खोटं, निळं सूत. रब्बींच्या बायकोचं काम करणारी मुलगी सरावात रागावली की तेलुगूत बोलते, ते तसंच ठेवलं. आमच्या प्रेक्षकांत निम्म्याहून जास्त घरं तेलुगूच. नाक नाही, झगा नाही, साधे सदरे आणि टोप्या. आळाचा प्रसंग लिहायला सगळ्यात वेळ लागला. शेवटी बाजारातल्या दोन बायकांच्या कुजबुजीतून सांगितलाय. एक म्हणते, "ऐकलं का?" पुढचं तिच्या कानात, आणि कानातलं प्रत्येक नव्या माणसागणिक थोडं मोठ्याने, थोडं वाढवून. चौथ्या माणसापाशी 'रक्त' हा शब्द येतो. मुख्याध्यापिकांनी दोनदा वाचला आणि राहू दिला.

सुताचा_गुंता, तुमचं वाक्य घेतलं नाही, पण प्रश्न घेतला. पाणी भरताना वस्तीतला एक पोरगा गोलेमला विचारतो, "तू दमत नाहीस का रे?" गोलेम मान वळवतो. मग पुन्हा बादली उचलतो.

आणि माइनक्राफ्टच्या कारखान्याचं वर्गात विचारलं. अकरा हात वर आले.

आईंना मी असं सांगितलं : सुरुवातीचं सूत्रधाराचं निवेदन तुमचाच मुलगा करेल, चांगलं दीड पान, पडद्यासमोर एकटा. मग आत जाऊन गोलेम होऊन येईल. त्या म्हणाल्या, "मग चालतंय. पण माइक हातात द्या, स्टँडवर नको, तेला वाकावं लागतं." पोरगा माझ्याशी बोलत नाहीये. दीड पान पाठ करायचं आलं ना.

एकच अडलंय. खळीने बारदान इतकं कडक झालंय की त्याला गुडघा वाकवता येईना, आणि पायऱ्या चढून रंगमंचावर यायचंय. निवेदन संपल्यावर पोशाख चढवायलाही वेळ हवा.


तिसरी घंटा :

गुडघ्यापाशी आणि कोपरापाशी खळ लावू नका. तिथे साधं मातकट कापड जोडून घ्या, लांबून कळत नाही. मागून उघडं ठेवून तिथेच नाड्या, म्हणजे दोघांनी मिळून झटक्यात चढवता येतं. कुजबुजीचा प्रवेश त्याच वेळेत लावा, तो हवा तेवढा लांबवता येईल. आणि बारदानाच्या आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. नाहीतर गोलेम रंगमंचावर अंग खाजवत बसेल.


रेषाबाई :

शर्टाचं डोक्यातच आलं नव्हतं. सांगते आईंना.